ठोकून भरलेलं मीठ

फाउंड्रीत त्यांना ठोकेमामा म्हणत. ते आडनाव नव्हतं, ते त्यांचं काम होतं. लोखंडी पेटीत ओली वाळू भरायची आणि लाकडी ठोकणीने ती अशी बसवायची, की आतला नमुना काढून घेतला तरी वाळूने त्याचा आकार सोडता कामा नये. मग त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. वाळू कुठे सैल राहिली तर लोखंड तिथे घुसतं, नग फुगतो आणि भंगारात जातो. मामांचे नग भंगारात जात नसत. नव्या माणसाला ते एकदाच सांगत, "कोपरे आधी. मधलं कोणीही ठोकतं." दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली की ठोकणी त्याच्या हातातून काढून घेत आणि स्वतः ठोकायला लागत. त्यामुळे त्यांच्या हाताखाली फार माणसं टिकली नाहीत. जी टिकली ती पुढे कुठेही गेली तरी कामाला कमी पडली नाहीत.

साठी आली, उजवा खांदा बोलायला लागला आणि मामा घरी बसले. बसले हे आपलं म्हणायला. मागच्या दाराची कडी सैल होती ती घट्ट झाली, इतकी घट्ट की बायकोला उघडेना. एकदा साखरेचा डबा भरला तो आपटून आपटून, वरून वाटीने दाबून. बायको चमचा घेऊन आली आणि चमचा वाकला.

"अहो, साखर आहे ती. हिच्यात लोखंड ओतायचंय का?"

"दोन डब्यांची एका डब्यात बसली."

"बसली खरी. आता उठायला तयार नाही."

घरात तिसरं माणूस म्हणजे सून. मुलगा बाहेरगावी पुलाच्या कामावर क्रेन चालवायचा, अधूनमधून यायचा. सून बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. सरकत्या पट्ट्यासमोर पाळीभर उभं राहायचं. उभं राहून राहून पोटऱ्यांवर शिरांच्या गाठी आल्या. घरी आली की भिंतीला पाय टेकवून जमिनीवर पडायची आणि तशीच झोपून जायची. शेवटी तिने ते सोडलं आणि गल्लीच्या टोकाच्या पाळणाघराचं धुणं घेतलं. लहान चादरी, उशांचे अभ्रे, लाळेरी, पुसायची फडकी. घरामागच्या शेडमध्ये धुण्याचं यंत्र मांडलं, शेजारी एक मोठा टब ठेवला, तारा ताणल्या. काम भरपूर होतं, पण हवं तेव्हा बसता येत होतं. शिरा हळूहळू बसायला लागल्या.

मामा कोणाचंही काम बघत. तो त्यांचा चाळाच होता. रस्ता झाडणारा झाडू कसा धरतो, रंगारी शिडीवर पाय कुठे ठेवतो, सगळं बघत. सून कामाला खरी आहे हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिला तसं सांगितलं नव्हतं. फाउंड्रीत चांगल्या कामाला कोणी चांगलं म्हणत नसे. नग भंगारात गेला नाही, एवढंच कौतुक.

अडचण होती ती पाण्याची. गल्लीला येणारं पाणी खोल जमिनीतून उपसलेलं. चुनखडीतून झिरपताना ते चुना सोबत घेऊन यायचं. दिसायला काचेसारखं. पण केटलीच्या तळाला पांढरा पापुद्रा धरायचा, शॉवरची भोकं बुजायची, आणि साबण फेसायच्या आधीच फाटून राखाडी साय बनायचा. ती साय कापडाच्या धाग्यात बसली की वाळलेली चादर पुठ्ठ्यासारखी उभी राही. तान्ह्या मुलांच्या अंगाखाली असलं कापड चालायचं नाही. म्हणून सुनेने कारखान्यातून हिशेबाचे जे पैसे मिळाले होते त्यातून पाणी मऊ करायचं यंत्र घेतलं.

ते बसवायला एक तरुण बाई आली. खांद्यावर हत्यारांची पिशवी, कानामागे पेन्सिल. मामांनी आधी तिचे हात बघितले. बोटांना पान्याचे घट्टे होते. मग ते शेजारी स्टूल घेऊन बसले.

"काका, ह्या उंच नळकांड्यात बारीक मणी आहेत, मोहरीपेक्षा बारीक. काम तेच करतात," ती पाइप जोडता जोडता म्हणाली. "दवाखान्यातलं बाकडं डोळ्यांसमोर आणा. मणी म्हणजे बाकडं. त्यावर सडपातळ माणसं बसलीत, म्हणजे मिठातलं सोडियम. आता पाण्याबरोबर चुना येतो. तो जाडजूड. त्याला बाकड्याची ओढ जास्त. तो आला की दोन सडपातळ उठतात आणि त्या जागेवर एक जाडा बसतो. पाणी पुढे जातं ते जाड्याला मागे ठेवून."

"आणि उठलेले ते दोघं?" मामांच्या बायकोने दारातून विचारलं.

"ते पाण्याबरोबर पुढे. त्यांचं साबणाशी भांडण नाही. पिण्याचा नळ मी वेगळा काढलाय, तो थेट येतो."

"सगळी बाकडी जाड्यांनी भरली की?" मामा म्हणाले.

"तेव्हा ही शेजारची मिठाची टाकी. तळाशी पाणी, वर मीठ. पाण्यात मीठ विरघळून कडक खारं पाणी तयार होतं. ठरावीक पाणी वापरून झालं की यंत्र आपणहून ते खारं पाणी ओढतं आणि मण्यांवरून सोडतं. सडपातळांची एवढी झुंड आत घुसते की जाड्यांना उठावंच लागतं. जाडे गटारात. बाकडी परत सडपातळांची."

"आमच्या घरी जाडी मीच," बायको म्हणाली. "मला उठवायला किती मीठ लागेल, तेही बघून ठेव."

पाणीवाली हसली. जाता जाता तिने सांगितलं, "मणी वर्षानुवर्षं चालतात. संपतं ते फक्त मीठ. मोठे खडे घाला, बारीक नको. आणि काठोकाठ भरू नका, अर्ध्याच्या थोडं वर पुरे."

"मीठ माझ्याकडे," मामा म्हणाले. कोणी हरकत घेतली नाही.

पहिलं मीठ पाणीवालीनेच ओतलं होतं. चादरी मऊ निघायला लागल्या. पाळणाघरवाल्या बाईंनी निरोप पाठवला, की पोरं आता दुपारी लवकर झोपतात, काय जादू केली? सुनेने तो निरोप सासूला दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा मामा ऐकू येईल एवढ्या अंतरावर होते.

मिठाची पातळी खाली गेली तेव्हा मामांनी नवीन पोतं आणलं. ओतलं आणि आत डोकावले. खड्याखड्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी. फाउंड्रीत कोणी अशी पेटी भरली असती तर मामांनी ती पायाने उलटी केली असती. त्यांनी खडे परत बाहेर काढले, फरशीवर गोणपाटात घालून हातोडीने फोडले आणि थोडं थोडं भरत ठोकत गेले. खांदा बोलत होता, त्याला बोलू दिलं. कडेने आधी, मग मधे. टाकी काठापर्यंत आली. वरून पट्टी फिरवून त्यांनी ते गच्च सपाट केलं आणि झाकण लावलं. अर्ध्याच्या थोडं वर हे शब्द त्यांनी ऐकले होते. पण अर्धवट भरणं म्हणजे पुन्हा पुन्हा भरणं, आणि पुन्हा पुन्हा करावं लागतं ते काम पहिल्यांदा नीट न केलेलं, असा त्यांचा हिशेब.

त्यानंतर रोज सकाळी ते झाकण उचलून बघत. मीठ तिथल्या तिथे. पुढच्या आठवड्यातही तिथल्या तिथे.

"नीट भरलं की कमी खातं," ते बायकोला म्हणाले.

"घरात कमी खाणारं एक तरी निघालं."

मग चादरी बिघडायला लागल्या. एकदम नाही. आधी सुनेला वाटलं साबण बदलला म्हणून असेल. मग वाटलं ऊन कडक आहे. चादर तारेवरून काढताना तिचा आवाज यायला लागला, कागद दुमडल्यासारखा. पांढऱ्या अभ्र्यांवर करडी झाक आली. सून साबण जास्त घालायला लागली, त्याने आणखी बिघडलं.

एका सोमवारी पाळणाघरवाल्या बाई स्वतः आल्या. मामा मागच्या दारात होते. शेडमध्ये उभ्या राहिल्या, वाळलेली चादर हातात घेतली आणि मनगटाच्या आतल्या बाजूने तिच्यावरून हात फिरवला.

"हे बघ, मला भांडायचं नाही," त्या म्हणाल्या. "तू माझ्या पोरांची कामं मन लावून करतेस. पण एक आई शनिवारी मुलाचा गाल दाखवायला घेऊन आली. शिवणीचा वळ उठला होता. मी काय सांगू तिला? शुक्रवारचं धुणं येऊ दे. ते असंच आलं तर मला मोठ्या लॉन्ड्रीकडे द्यावं लागेल."

"शुक्रवारी नीट येईल," सून म्हणाली. कसं, ते तिलाही माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती सासूजवळ बोलली. कारखान्यातल्या सुपरवायझर बाईचा फोन आला होता. नवीन पाळी सुरू होतेय, जागा आहे, शनिवारपर्यंत कळव. "पाळणाघर गेलं तर मी हो म्हणेन," सून म्हणाली आणि नकळत तिने पोटरीवर हात ठेवला. मामा आतल्या खोलीत बूट पुसत होते. त्यांनी ऐकलं. बूट चकचकीत झाला तरी पुसतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेडच्या दारात जाऊन उभे राहिले.

"खळबळायला कमी पडतेस," ते म्हणाले. "साबण कापडात राहतोय. एक पाणी वाढव."

सुनेने वर बघितलं. बादली उचलली आणि नळाखाली ठेवली.

"अहो, बोलायच्या आधी बघत जा जरा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

म्हणून मामा बसले आणि बघायला लागले. इतके दिवस त्यांनी सुनेचं काम जाता येता बघितलं होतं. आज नीट बघितलं. यंत्रातून काढलेली प्रत्येक चादर ती टबात एकेकटी सोडायची. दोन्ही हातांनी धरून पाण्यात मागे पुढे ओढायची, खांद्यापासून, नुसत्या मनगटाने नाही. पाणी काढायची, नवीन घ्यायची. पिळताना पाय फाकवून उभी राहायची आणि कमरेतून जोर लावायची. तिसऱ्या पाण्यानंतर तिने चादर नाकाशी धरून साबणाचा वास येतोय का बघितलं आणि चौथं पाणी घेतलं. बोटांची टोकं सुरकुतून पांढरी पडली होती. चार पाण्यांनंतरही टबावर राखाडी तवंग होताच.

श्रम बघून ओळखण्यात मामांचा हात धरणारा फाउंड्रीत कोणी नव्हता. ह्या कामात कसर नव्हती. ह्याहून जास्त कोणी खळबळू शकत नाही. मग खोट हातात नाही, पाण्यात आहे. आणि आपण हिला सकाळी काय बोललो?

ते उठले. स्वच्छ बाटलीत शेडमधल्या नळाचं पाणी भरलं, साबणाचा चिमूटभर कीस टाकला आणि टोपण लावून हलवलं. पाण्याचं यंत्र नवीन होतं तेव्हा पाणीवालीने असंच करून दाखवलं होतं आणि बाटली फेसाने गळ्यापर्यंत भरली होती. आता वर चार बुडबुडे आले आणि फुटले. खाली दुधासारखं गढूळ पाणी आणि त्यात तरंगणारे तुकडे.

"मेलं वाटतं यंत्र," ते बायकोला म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. नवीन घ्यायचं तर घरात तेवढं काही उरलेलं नव्हतं. नाही घेतलं तर सून परत त्या पट्ट्यासमोर.

"मेलं की झोपलं ते बघायला कोणाला तरी बोलवा. तुम्ही काय डॉक्टर आहात?"

पाणीवाली बुधवारी दुपारी आली. आधी तिने बारक्या बाटलीत यंत्रातून बाहेर पडणारं पाणी घेतलं आणि औषधाचे थेंब टाकले. पाणी लाल झालं.

"मऊ असतं तर निळं झालं असतं," ती म्हणाली. "चुना सरळ आरपार चाललाय."

सून टबाच्या काठावर बसली. "मणी गेले का?"

"एवढ्यात जायचे नाहीत. मिठाचं काय? केव्हा भरलं होतं?"

हा प्रश्न मामांच्या हक्काचा होता. "भरावंच लागत नाही," ते म्हणाले. "बघ ना. पाऊल मागे घेतलं नाही त्याने." आणि त्यांनी झाकण उचलून दाखवलं. काठोकाठ पांढरं, पट्टी फिरवलेलं, आरशासारखं सपाट.

पाणीवालीने मिठाकडे बघितलं, मग मामांकडे. "काका, म्हणजे तेव्हापासून जराही खाली गेलं नाही?"

"जराही नाही."

"मग यंत्र इतके दिवस काय खातंय?"

मामांनी पुन्हा टाकीत डोकावून बघितलं.

पाणीवालीने स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने मिठावर ठोकलं. ढब असा आवाज आला. भरलेल्या पेटीचा तो आवाज नव्हता. मामांनी आयुष्यभर कान लावून हजारो नग ठोकले होते. आत भोक असलेला नग कसा वाजतो हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

"पोकळ आहे," ते म्हणाले. "खाली पोकळ आहे हे."

"हो. तळातलं मीठ विरघळून गेलं आणि वरचं खाली आलंच नाही. त्याचा स्लॅब झालाय. खाली पाणी, वर मीठ, आणि दोघांची गाठ नाही. यंत्र वेळच्या वेळी खारं पाणी ओढायला जातं आणि साधं पाणी ओढून परत येतं. जाडे बाकड्यावर बसले ते बसलेच." ती वाकून बारकाईने बघायला लागली. "पण एवढा टणक स्लॅब मी कधी बघितला नाही. हवेतल्या ओलीने साय धरते, ती वेगळी. हे काय केलंय? आणि हे खडे कुठे गेले?"

सून सासऱ्यांकडे बघत होती. सासू छताकडे बघत होती.

"फोडले," मामा म्हणाले. "फटी राहत होत्या. मग ठोकून बसवलं."

"ठोकून?"

"ठोकणीने."

पाणीवालीने हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो फसला. "काका, त्या फटी हव्यात! त्यांच्यातून पाणी वर चढतं, खडे झिजतात आणि आपल्या वजनाने खाली सरकतात. तुम्ही त्यांना हलायलाच जागा ठेवली नाही."

"साखरेचं पण असंच केलं होतं," बायको म्हणाली. "ह्यांना सैल काही बघवत नाही. माझी जीभ तेवढी राहिलीय, तीही कधीतरी ठोकतील."

मामांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. ते एकाच गोष्टीला धरून होते. "मग मणी?"

"मणी ठीक असणार. उपाशी आहेत एवढंच."

"यंत्र मेलं नाही?"

"मेलं नाही काका. हे फोडू, खारं पाणी होऊ दे, दोनदा धुवून काढू. बघा कसं उठतं."

मामा स्टुलावर बसले. जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते त्यांना त्या शेडमध्ये बसल्यावर कळलं. मग त्यांनी सुनेकडे बघितलं.

"तुझ्या हातात खोट नव्हती," ते म्हणाले. "काल बोललो ते चुकलं. खोट मिठात होती आणि मीठ माझ्याकडे होतं."

ह्या घरात आल्यापासून सासऱ्यांच्या तोंडून सुनेने एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं. डोळे भरून आले तसे तिने ओल्या हाताने पुसले, त्यामुळे ते आणखी ओले झाले.

"मला तर वाटलं, मलाच धुता येत नाही," ती म्हणाली.

"धुता येतं," मामा म्हणाले. "चांगलं येतं."

पाणीवालीने झाडूचा दांडा घेतला आणि मिठावर मारला. दांडा उडाला. पुन्हा मारला. कपची निघाली, नखाएवढी.

"बापरे. ह्याच्यावर घर बांधा तुम्ही."

"दे इकडे." मामांनी दांडा घेतला आणि सवयीने कडेला लावला.

"कडेला नको! टाकी प्लास्टिकची आहे, तडा जाईल. मधे मारा, मधे."

मामा क्षणभर थांबले. मग दांडा मधोमध उभा धरला आणि खांद्याची पर्वा न करता वजन टाकलं. एकाच जागी, पुन्हा पुन्हा, घाई न करता. स्वतःच्याच कामाशी गाठ होती आणि काम चांगलं झालेलं होतं. सहजी ऐकत नव्हतं. बायको म्हणाली, दमला असाल तर द्या मला, मी जाडी आहे. सूनही उठून उभी राहिली. तेवढ्यात खालून करकर असा आवाज आला, स्लॅब मधून दबला आणि मोठे तुकडे धप्पकन पाण्यात पडले. पाणी उडून मामांच्या चेहऱ्यावर आलं. त्यांनी ओठ चाटले.

"आळणी आहे," ते म्हणाले.

"तेच तर दुखणं होतं," पाणीवाली म्हणाली.

कडेचे राहिलेले तुकडे सुनेने आणि मामांनी हातांनी सोडवून काढले. सगळ्यांनी मिळून अर्धं मीठ बादल्यांत उपसलं. मग पाणीवाली दुसऱ्या एका घरचं काम उरकायला गेली. मिठाला पाण्यात उतरायला वेळ द्यावा लागतो, तो वाट बघूनच द्यावा लागतो. मामांना हे कठीण गेलं. ते दोनदा झाकण उचलायला गेले आणि दोन्ही वेळा बायकोने नुसतं "अहो" म्हटलं.

पाणीवाली परत आली, यंत्राच्या डोक्यावरचं बटण फिरवलं. आत पाणी वळलं. आधी खळखळ, मग नळी सुर्र असं ओढायला लागली. मामा गटाराकडे जाणाऱ्या नळीजवळ उकिडवे बसले. थोड्या वेळाने त्यांनी बाहेर पडणाऱ्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट, आणि कडवट. चुना निघाला होता.

"जाडे उठले," ते म्हणाले.

"शी! गटाराचं पाणी चाखताय?" बायको ओरडली.

"गटारात पडायच्या आधीचं आहे."

यंत्राने दुसऱ्यांदा मणी धुवून काढले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. सुनेने बाटली भरली, साबणाचा कीस टाकला आणि ती हलवली. फेस गळ्यापर्यंत आला आणि टोपणाखाली दाटला. थेंब टाकलेलं पाणी निळं झालं. पाणीवालीने हत्यारं पिशवीत टाकली आणि निघताना मामांना म्हणाली, "आता कसं भरायचं?"

"मोठे खडे. अर्ध्याच्या थोडं वर. हात लावायचा नाही."

"आणि?"

"आणि सरकतंय का बघायचं. सरकलं नाही तर खूश व्हायचं नाही."

बिघडलेल्या चादरींचं काय करायचं तेही तिने सांगून ठेवलं होतं. गुरुवारी सुनेने त्या आधी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवल्या, खळबळल्या आणि मग गरम पाण्यात धुण्याच्या यंत्राला लावल्या. साबण न घालता. मामा स्टूल घेऊन समोर बसले होते. यंत्राच्या काचेआड चादरी फिरायला लागल्या आणि बघता बघता काच पांढरी झाली.

"साबण घातलास?"

"एक कण नाही, बाबा."

"मग हा फेस कुठला?"

"गेल्या कित्येक धुण्यांचा. मी जास्तीचा घालत होते ना, तो धाग्यात अडकून बसला असेल. आता पाण्याला सोडवता येतोय."

दोघंही त्या फेसाकडे बघत बसले. सासू येऊन उभी राहिली, तीही बघायला लागली. कोणी उठेना. दुसरं साधं पाणी घातल्यावर फेस कमी झाला, तिसऱ्याला पाणी स्वच्छ निघालं. तारेवरच्या चादरी वाऱ्याला हलायला लागल्या. आदल्या दिवसापर्यंत त्या फळीसारख्या लटकत होत्या. सुनेने एक काढून सासूच्या गालाला लावली. सासूने डोळे मिटले आणि म्हणाली, "मला इथेच झोपव."

त्या रात्री सून आडवी झाली ती लगेच झोपली. मामांना मात्र पाळणाघरवाल्या बाईंचं मनगट आठवत राहिलं, चादरीवरून फिरवलेलं. पाणी मऊ झालं होतं, चादरीही झाल्या होत्या. बाईंचं मन झालं की नाही, हे अजून कळायचं होतं.

शुक्रवारी सकाळी सुनेने सगळ्या घड्या स्कूटरवर बांधल्या. मामांनी दोरी ताणून बघितली आणि एक गाठ वाढवायला हात पुढे केला.

"बाबा, सुटायला पण हवी," ती म्हणाली.

त्यांनी हात मागे घेतला.

ती गेली. मामा फाटकाशी उभे राहिले. पाळणाघर काही लांब नव्हतं. गेली असेल, उतरवलं असेल, बाई हात फिरवून बघत असतील. आता निघाली असेल. कोपऱ्यावरून एक सायकल आली, मग एक कुत्रं. बायको चहा घेऊन आली आणि कप कठड्यावर ठेवला. तिनेही कोपऱ्याकडे बघितलं.

"वेळ लागतोय," मामा म्हणाले.

"लागू दे. नको म्हणायला वेळ लागत नाही."

चहा थंड झाला. मग स्कूटरचा आवाज आला. आधी आवाज, मग कोपऱ्यावरून वळणारं पुढचं चाक, मग सून. ती दिसतच नव्हती नीट, कारण तिच्या पुढे मोठं बोचकं होतं, मागे आणखी एक, आणि दोन्ही बाजूंना पाळणाघराच्या पडद्यांनी भरलेल्या पिशव्या लोंबत होत्या. एका पिशवीतून मळलेल्या अभ्र्याचं टोक बाहेर आलं होतं.

"बाबा, फाटक उघडा!" ती लांबूनच ओरडली. "पूर्ण उघडा, एका दाराने मावत नाही! आणि तो कारखान्याचा फोन आला तर आई, मी धुण्यात आहे म्हणून सांगा!"

मामांनी कडी ओढली. ती त्यांनीच बसवलेली, लवकर हलेना. त्यांनी खांदा लावला आणि दोन्ही दारं भिंतीपर्यंत सारली.